दांडा कुणाकडे आहे?

भुयारी गाडीचा डबा म्हातारा झाला की बहुधा कापून भट्टीत जातो. काही डबे समुद्रात नेऊन बुडवतात, म्हणे माशांना आसरा होतो. एखादा अग्निशमन दलाला देतात. ते त्याला पुन्हा पुन्हा आग लावतात आणि विझवायला शिकतात. एखाद्याचं नशीब फळफळलंच तर त्यात कॉफीचं दुकान निघतं आणि जन्मात कधी भुयारी गाडीत पाय न ठेवलेले लोक आत बसून फोटो काढतात. हे सगळं मला बाबांनी सांगितलेलं. ते मोटरमन होते, आयुष्यभर जमिनीखाली गाडी चालवली. निवृत्त झाले त्या दिवशी घरी येऊन बूट काढता काढता म्हणाले, "माझं विचाराल तर मला समुद्रात टाका. मासे निदान बोबडं बोलत नाहीत."

तेव्हा आम्ही हसलो होतो. पुढे बाबांचं डोकं अर्धं जुन्या काळात राहायला गेलं, आई वारली, आणि दादाने त्यांच्यासाठी एक वृद्धाश्रम शोधला. तिथे सगळे बोबडंच बोलतात. "आजोबा, औषध घ्यायचं ना? शहाणे ना तुम्ही?" ज्या माणसाच्या भरवशावर हजारो लोक रोज अंधारात शिरायचे, त्याला शहाणे ना तुम्ही.

आणि गेल्या वर्षी बाबांच्या जुन्या कंपनीने एक डबा त्या वृद्धाश्रमाला भेट दिला.

चाकं काढून, काँक्रीटच्या चौथऱ्यावर, मागच्या हिरवळीत मांडून ठेवला. फीत कापली गेली. कंपनीचे अधिकारी आले, आश्रमाचे अध्यक्ष आले, भाषणं झाली. जुन्या वस्तूंच्या सहवासात वृद्धांचं मन रमतं, असं कुणीतरी सांगितलं. त्यात आमचे बाबा आयते सापडले. खराखुरा मोटरमन, टोपीसकट. त्यांना चालकाच्या केबिनमध्ये बसवून फोटो काढला. तो फोटो आश्रमाच्या माहितीपत्रकावर आला, आणि दादाने तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. खाली लिहिलं, "बाबा रमलेत."

या "रमलेत" शब्दाने माझं डोकं उठवलंय. ज्याला ज्याला आपली सुटका करून घ्यायची असते तो हा शब्द वापरतो.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. भिंगं घासते, काड्या बसवते. सुट्टी मिळेल तसं बाबांकडे जाते. एरवी पोचेपर्यंत संध्याकाळ होते आणि ते खोलीत पेंगत बसलेले असतात; मागच्या आठवड्यात गेले तेव्हा सकाळ होती. खोलीत पलंग नीट आवरलेला, खिडकीत चहाचा कप तसाच भरलेला, वर साय धरलेली. सेविका फरशी पुसत होती. म्हणाली, "आजोबा गाडीत आहेत. हल्ली उठल्या उठल्या तिकडेच जातात. आणि एकदा बसले की बसले हो, काही त्रास नाही. आम्हाला फार बरं पडतं."

"जेवायला येतात का?"

"तिथेच नेतो की ताट. खातात नाही खातात, त्यांची मर्जी. संध्याकाळी दोघीजणी धरून खोलीत आणतो, तेव्हा येतात."

डब्यात मागच्या बाकांवर चारपाच म्हाताऱ्या बायका आणि एक लंगडे गृहस्थ बसले होते. कुणी विणत होतं, कुणी पेंगत होतं. पुढे केबिनचं दार उघडं होतं आणि आत बाबा उभे होते. बसले नव्हते, उभे होते. डावा हात खिडकीच्या चौकटीवर, उजवा हात समोरच्या पेटीवर. डोक्यावर टोपी. बाजूच्या स्टुलावर कालच्या सूपचा वाडगा, त्यात चमचा उभा बुडालेला.

"बाबा."

त्यांनी मान वळवली नाही. "मागे व्हा," ते म्हणाले. "केबिनमध्ये कुणी यायचं नाही."

मी आत गेलेच. त्यांचा उजवा हात ब्रेकच्या पेटीवरच्या चौकोनी लोखंडी खुंट्यावर घट्ट आवळलेला होता. अंगठ्याएवढा खुंटा, चारी कडा धारदार. बोटं पांढरी पडली होती. मी त्यांचं मनगट धरून हात सोडवायला गेले तर त्यांनी मला कोपर मारलं. माझ्या बाबांनी. ज्यांनी लहानपणी मला चापटसुद्धा मारली नाही.

"वेड लागलंय का? हात काढला तर गाडी सुटेल."

"कुठे सुटेल बाबा?"

"उतार दिसत नाही? दांडा गेलाय. दांडा नाहीये जागेवर. बोटांनी धरून ठेवलंय मी." मग आवाज खाली आणून, मागच्या लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून, "मागे माणसं बसलीत. त्यांना सांगू नकोस. घाबरतील."

मी खाली वाकून पाहिलं. त्यांच्या तळहाताचं कातडं खुंट्याच्या कडांवर सोललं होतं. जुनी जखम, नवी जखम, एकावर एक. पँट ओली होती, कालपासून असेल किंवा परवापासून. आणि पलीकडे हिरवळीवरून एक सेविका जात होती, तिने आमच्याकडे बघून हात हलवला, "काय आजोबा, कुठपर्यंत आली गाडी?" असं गोड आवाजात विचारलं आणि गेली.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं. रमलेत म्हणे. हा माणूस महिनोन् महिने एका भरलेल्या गाडीला उतारावर हाताने धरून उभा होता, आणि लोक त्याला बघून टाळ्या वाजवत होते.

दांडा म्हणजे काय ते सांगते. आमच्या शहरातल्या त्या जुन्या गाड्यांना ब्रेकचा पितळी दांडा असायचा, वरून बसवायचा आणि काढता यायचा. तो ज्याच्या हातात, त्याची गाडी. पाळी संपली की मोटरमनने ब्रेक लावायचा, दांडा उपसायचा आणि बदलीवर आलेल्या माणसाच्या हातात द्यायचा. देताना म्हणायचं, "गाडी दिली." घेणाऱ्याने म्हणायचं, "गाडी घेतली." हे दोन्ही बोलल्याशिवाय केबिन सोडायची नाही. बदली आली नाही, तर पोटात कावळे ओरडोत नाहीतर घरी बायको बाळंत होवो, जागचं हलायचं नाही. आणि दांडा हरवणं म्हणजे मोटरमनच्या लेखी यापरतं पाप नाही. बाबा सांगायचे, एका मोटरमनचा दांडा केबिनच्या फटीतून रुळांत पडला, तर गाडी पुढच्या तपासणीपर्यंत जागची हलली नाही आणि तो माणूस पुन्हा कधी ताठ मानेने चालला नाही.

आमच्या घरात ती बोली रोजची होती. आई दवाखान्यात नर्स होती. तिची पाळी आणि बाबांची पाळी यांची गाठ दारातच पडायची. मी तान्ही असताना मला एकाच्या कडेवरून दुसऱ्याच्या कडेवर देताना ते हेच म्हणायचे. गाडी दिली, गाडी घेतली. पुढे मला दादाच्या हवाली करतानाही हेच. एकदा त्याच्या शाळेची मॅच होती, मला गालगुंड झालं होतं आणि आईला यायला उशीर झाला. दादा गणवेश घालून, बुटांच्या नाड्या बांधून माझ्या पलंगाशी बसून राहिला. रडला, मला शिव्या दिल्या, पण उठला नाही. आम्ही खेळायचो तेव्हा छत्रीची मूठ म्हणजे दांडा. दादा मोटरमन, आणि ब्रेकचा फुस्स आवाज मी काढायचे, कारण त्याचे पुढचे दात पडलेले होते.

तोच दादा. मी हिरवळीवर उभं राहून त्याला फोन लावला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू जरा जास्तच मनाला लावून घेतेस. त्यांना काहीतरी करत असल्यासारखं वाटतं. सगळे सांगतात की तिथे ते..."

"रमलेत म्हणालास तर याद राख."

"मग काय करू? इथून धावत येऊ? तुझ्याकडे नेणार आहेस त्यांना? त्या दीड खोलीत?"

मी फोन कापला. त्याचं चुकत नव्हतं म्हणून तर जास्त राग आला.

मग व्यवस्थापकांकडे गेले. त्यांना मी मनातल्या मनात मधाळराव म्हणते. माणूस इतकं गोड बोलतो की ऐकून झाल्यावर चूळ भरावीशी वाटते. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, आणि माझं ऐकता ऐकता मान अशी हलवली, जणू मीच त्यांची एक पेशंट.

"ताई, तुमच्या वडिलांना ती केबिन म्हणजे घर वाटतं. आपण त्यांचं जग मोडायचं नाही, हे आमचं धोरण आहे."

"त्यांच्या जगात गाडी सुटायला आलीय आणि मागे माणसं आहेत. हाताचं सालपट निघालंय. हे धोरणात बसतं का?"

"हाताला आपण मलम लावू."

"दांडा का नाही त्या पेटीवर?"

"कंपनी देत नाही. डबा सेवेतून काढला की पहिल्यांदा दांडा काढून घेतात, असा नियमच आहे. उगाच कुणी गाडी हलवायला नको." आणि ते हसले. "चाकं नसलेली गाडी. नियम म्हणजे नियम."

मी हसले नाही. मान वळवली, कारण त्यांच्या दातांकडे बघवेना. आणि त्यांच्या सोफ्याच्या वर, अध्यक्षांच्या फोटोशेजारी, पॉलिश केलेल्या फळीवर बाबांचा दांडा होता.

दोन्ही टोकांना स्क्रूने आवळलेला, लखलखीत घासलेला. खाली पट्टी, माननीय अध्यक्षांना सप्रेम भेट. मी त्याच सोफ्यावर बसून बाबांच्या प्रवेशाच्या कागदांवर सही केली होती, पण तेव्हा डबाही नव्हता आणि फळीही नव्हती. त्यानंतर मधाळरावांच्या खोलीत आलेच नव्हते. म्हणजे बाबा हिरवळीवर दांडा हरवला म्हणून जीव मुठीत धरून उभे, आणि दांडा इथे, भिंतीपलीकडे, शोभेला.

"तो द्या," मी म्हणाले.

"कोणता? अहो, ते स्मृतिचिन्ह आहे. अध्यक्षांचं."

"तो ब्रेकचा दांडा आहे. द्या."

"ताई, तुमच्या भावना कळतात मला. तुम्ही असं करा, एक अर्ज लिहा. पुढच्या बैठकीत मी स्वतः विषय काढतो."

दुकानातला छोटा स्क्रूड्रायव्हर माझ्या पर्समध्ये कायम असतो. काढला आणि सोफ्यावर चढले, चपलांसकट. पण तो चष्म्याच्या काडीचा, त्या स्क्रूच्या खाचेत गरगर फिरला आणि टोक तुटलं. मधाळराव "अहो, अहो" करत उठले. मग मी फळीच दोन्ही हातांनी धरली आणि सगळं वजन टाकून ओढली. खिळ्यासकट आली. थोडा गिलावाही आला, तो अध्यक्षांच्या फोटोवर सांडला. त्याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही.

मधाळरावांचा मध तिथे आटला. "ही चोरी आहे. मी पोलिसांना बोलवीन."

"बोलवा. त्यांना आधी केबिनमध्ये न्या आणि तो हात दाखवा."

बाहेर येऊन मी ती फळी डब्याच्या लोखंडी पायरीवर आपटली. एकदा, दोनदा, मोजलं नाही. मागे बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी एक जागी झाली आणि म्हणाली, "जोरात मार, बाई." कुणासाठी, कशासाठी, तिला काही माहीत नव्हतं. फळी चिरली, माननीय अध्यक्षांची पट्टी गवतात उडाली, आणि दांडा सुटा झाला. जड होता. इतका जड असतो हे मला माहीत नव्हतं. मी आयुष्यात पहिल्यांदा तो हातात धरत होते.

"बाबा, दांडा मिळाला."

आता त्यांनी मान वळवली. दांड्याकडे बघितलं, माझ्याकडे नाही. डाव्या हाताने घेतला, उलटा केला, खालचं चौकोनी भोक अंगठ्याने चाचपलं. खुंट्यावरचा उजवा हात अजून तसाच होता. मग एका झटक्यात, मला दिसलंसुद्धा नाही इतक्या चपळाईने, हात निघाला आणि दांडा बसला. त्यांनी तो फिरवला. आणि मान तिरकी करून वाट पाहत राहिले.

मला आधी कळेना, कशाची वाट पाहतायत. मग लक्षात आलं. हवा. ब्रेक लागला की हवेचा आवाज यायला हवा होता, आणि त्या नळ्यांमधली हवा कंपनीने केव्हाच सोडून दिली होती. बाबांचा चेहरा पुन्हा आवळला जायला लागला. मी त्यांच्या पाठीमागे सरकले, खाली वाकले आणि आवाज काढला. फुस्स. लहानपणी काढायचे तसाच, लांबलचक.

त्यांचे खांदे खाली आले. इतके दिवस ते खांदे तसे वर चढलेलेच असतात, म्हातारपणाने असेल, असं मी समजत होते.

त्यांनी दांडा उपसला, केबिनच्या दारात येऊन मागच्या बाकांकडे एकवार नजर फिरवली, सगळे बसलेत ना ते पाहिलं. मग दांडा छातीशी धरून तिथेच उभे राहिले. उतरेनात. "चला बाबा," मी म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही. बदली आल्याशिवाय कसे उतरणार?

मी पायरीवरून खाली उतरले, पदर झटकला, पुन्हा वर चढले, त्यांच्यासमोर ताठ उभी राहिले आणि म्हणाले, "बदली आलीय."

बाबांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मुलगी म्हणून नाही, पाळीवर आलेला माणूस म्हणून. आणि मग त्यांचा राग सुटला. मोठा आवाज नाही, कामावरच्या माणसाचा कोरडा राग.

"इतका उशीर? आत माणूस उभाय हे माहीत नव्हतं?"

मधाळरावांना दिली तशी दहा उत्तरं तोंडात होती, त्यातलं एकही इथे चालणारं नव्हतं.

"पाणी नाही, काही नाही," बाबा म्हणाले. "हाक मारून मारून घसा सुकला. सगळे हात हलवून जातात." आणि त्यांनी तो सोललेला हात पुढे केला, त्यात दांडा होता, पितळेला रक्त लागलेलं. "गाडी दिली."

मी दोन्ही हातांनी तो घेतला.

"गाडी घेतली."

ते लगेच उतरले. मागे वळूनही पाहिलं नाही. हिरवळीवरच्या बाकावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि जी सेविका मघाशी हात हलवून गेली होती तिला म्हणाले, "बाई, प्यायला पाणी आणता का?" ती आणायला पळाली. त्यांनी ते घटाघटा प्यायलं, दुसरं मागितलं, तेही प्यायलं.

मी डब्याच्या पायरीवर बसून राहिले. हातात दांडा होता. समोरून मधाळराव आणि आणखी कुणी दोघे येताना दिसत होते, तावातावाने बोलत. ते स्मृतिचिन्ह परत मागणार हे दिसतच होतं. मी काही देणार नव्हते. आणि बाबांना तिथे ठेवणारही नव्हते. दीड खोली तर दीड खोली. दुकान, भाडं, त्यांची औषधं, रात्रीची जागरणं, यातलं काय कसं निभवायचं मला माहीत नव्हतं, अजूनही नाही.

मी दादाला पुन्हा फोन लावला. त्याने उचलताच सुरुवात केली, "हे बघ, मधेच फोन कापायची ही पद्धत..."

"दादा, बाबांनी गाडी दिली."

पलीकडे त्याच्या ऑफिसातले आवाज येत होते, कुणीतरी त्याला काहीतरी विचारत होतं. त्याने त्यांना थांबवलं.

"दांडा कुणाकडे आहे?" त्याने विचारलं.

"माझ्याकडे."

खुर्ची मागे सरकवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "हलू नकोस. मी येतो बदलीवर."

बाबांना मी त्याच दिवशी दांड्यासकट घरी आणलं. दादा अजून आलेला नाही. येईल, मला माहीत आहे, दांडा म्हटल्यावर तो येतोच. बाबा माझ्या पलंगावर झोपलेत, हाताला पट्टी आहे, आणि दांडा उशाशी आहे. दादा दारात आला की सगळ्यात आधी मी त्याला तेच विचारणार आहे, जे बाबांनी मला विचारलं. इतका उशीर?